पावसात दिलेला चषक

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे, हे वाक्य मी लहानपणी पहिल्यांदा ऐकले ते श्रीमंतांच्या पिशव्या वाहणाऱ्या मुलांच्या तोंडून. पुण्यात आमच्या वस्तीपासून सायकलने पंधरा मिनिटांवर गोल्फचे मैदान होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीतली दहाबारा मुले तिथे कॅडी म्हणून जात. मीही दोन उन्हाळे गेलो. पहाटे झाडाखाली रांग लावून बसायचे, नंबर लागला की पिशवी खांद्यावर टाकायची आणि अठरा होल पुरे होईपर्यंत साहेबांच्या मागे चालायचे. चेंडू कुठे पडला त्यावरची नजर ढळू द्यायची नाही, हे खरे काम. दुपारी हातात पडलेले पैसे आईकडे जात. त्या दोन उन्हाळ्यांत आम्हाला खेळातले बरेच काही कळू लागले होते. कोणत्या ग्रीनचा उतार कुठे वळतो, वारा कुठून आला तर कोणती स्टिक काढून द्यायची, हे आम्ही झोपेतही सांगितले असते. तरी हा खेळ आपला आहे असे कुणाच्या मनात आले नाही.

पुढे छापखान्यात मुद्रिते तपासायच्या नोकरीत आयुष्य गेले. खेळांच्या इतिहासाचा नाद तिथेच लागला. माझ्यामागे विद्यापीठ नाही, मार्गदर्शक नाही. जे शिकलो ते ग्रंथालयांत बसून आणि आपल्याच चुका दुरुस्त करत. वाचताना एक प्रश्न मात्र त्या मैदानावरून घरी आणल्यासारखा सोबत राहिला : गोल्फ खेळून माणसाला नेमके काय मिळते?

नेहमीची उत्तरे ठाऊक आहेत. मोकळी हवा मिळते, चार तासांची पायपीट होते, डोके शांत होते, ओळखी वाढतात, जमले तर व्यवहारही ठरतात. ही उत्तरे खोटी नाहीत, पण ती कुंपणाच्या आतल्यांची आहेत. ज्याच्याकडे सभासदत्व नाही, शिक्षण नाही, पैसा नाही आणि ज्याला कायद्यानेच बाहेर उभे केले आहे, अशा माणसाला हा खेळ काय देतो? या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर मला दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन शहरात, एका कॅडीच्या आयुष्यात सापडले. जगाच्या नोंदींत त्याचे नाव सेवसंकर सेवगोलम असे आहे. लोक त्याला पापवा म्हणत.

हे नाव मराठी माणसाने एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे. सेवसंकर म्हणजे उघडच शिवशंकर, आणि सेवगोलम म्हणजे शिवगुलाम. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे आडनाव आठवले की हा उलगडा आणखी सोपा होतो. भोजपुरी मुलखातली ही नावे गिरमिटियांच्या नोंदवह्यांत गोऱ्या कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहून घेतली आणि तीच पुढच्या पिढ्यांची आडनावे झाली.

नाताळ वसाहतीत भारतीय मजुरांचे पहिले जहाज, ‘ट्रूरो’, मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० रोजी डरबनला लागले. नंतर कलकत्त्याहूनही जहाजे जाऊ लागली. १९११ पर्यंत सुमारे दीड लाख माणसे अशी गेली. करार पाच वर्षांचा, काम मुख्यतः उसाच्या मळ्यांवर. करार संपल्यावर माणसे परत जावीत म्हणून पुढे त्यांच्यावर तीन पौंडांचा वार्षिक कर बसवला गेला. ही भरती थांबवण्याचा ठराव १९१० साली कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात मांडला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनी. पुढच्याच वर्षी नाताळला माणसे पाठवणे बंद झाले. १९१२ साली गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले आणि गांधीजींच्या सोबतीने तिथल्या भारतीयांमध्ये फिरले. पापवाची गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही, ती अशी.

पापवाचा जन्म १९२८ सालचा, डरबनच्या एका गरीब भारतीय कुटुंबातला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. लिहिणे-वाचणे तो कधीच शिकला नाही. घराजवळ बीचवुडचे गोल्फ मैदान होते. तिथे कॅडीची कामे भारतीय आणि आफ्रिकी मुले करत, खेळणारे गोरे. फांदी तोडून केलेल्या काठीने चेंडू मारत तो खेळ शिकला. गोऱ्यांचा खेळ दिवसभर पाहायचा आणि मैदान मोकळे झाले की तसे करून बघायचे, एवढीच त्याची शिकवणी.

या शिकवणीची खूण त्याच्या हातांवर शेवटपर्यंत राहिली. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज बॅट धरतो तेव्हा त्याचा डावा हात वर आणि उजवा हात खाली असतो. गोल्फची स्टिकही तशीच धरतात. पापवाची पकड बरोबर उलटी होती : उजवा हात वर, डावा खाली. कुठल्याही प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी हात सोडवून नीट धरायला लावले असते. पापवाला प्रशिक्षकच नव्हता, म्हणून ती टिकली. सुरुवातीला मीही ती ‘चुकीची पकड’ अशी टिपून ठेवली होती. मग लक्षात आले, की चेंडू अंगठ्यांची रचना पाहत नाही. स्टिकचे तोंड चेंडूला कोणत्या कोनात आणि किती वेगाने भिडले एवढेच त्याला कळते. त्या क्षणी तोंड सरळ असेल तर चेंडू सरळ जातो, मग मारणारा गुरूकडे शिकलेला असो वा नसो. वहीतला ‘चुकीची’ हा शब्द खोडून मी तिथे ‘उलटी’ असे लिहिले.

बीचवुडला खेळणाऱ्यांमध्ये ग्रॅहॅम वूल्फ नावाचे एक रसायनतज्ज्ञ होते. ‘ऑइल ऑफ ओले’ हे पुढे जगभर खपलेले प्रसाधन त्यांनीच तयार केले. या गोऱ्या उद्योजकाने आपल्या कॅडीचा खेळ पाहिला आणि १९५९ साली त्याला युरोपात नेले. त्या वर्षी पापवाने डच ओपन ही हॉलंडची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९६० साली ती पुन्हा जिंकली आणि १९६४ साली तिसऱ्यांदा. युरोपातल्या व्यावसायिकांना मागे टाकणारा हा माणूस आपल्या देशात मात्र गोऱ्यांच्या स्पर्धांमध्ये उतरू शकत नव्हता.

१९५९ याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा आणखी एक गोल्फपटू युरोपात जिंकला. गॅरी प्लेअरने स्कॉटलंडमधल्या म्युरफील्ड मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकली. प्लेअरही श्रीमंताघरचा नव्हता. त्याचे वडील सोन्याच्या खाणीत काम करत आणि आई तो आठ वर्षांचा असताना गेली. दोघेही कष्टातून आलेले, दोघेही एकाच देशाचे. प्लेअरला मायदेशीचे प्रत्येक मैदान खुले होते. पापवाला मायदेशी प्रत्येक वेळी सरकारकडे अर्ज करावा लागणार होता.

१९४८ साली दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि आधीपासून चालत आलेल्या वर्णभेदाला तिने कायद्याची पक्की चौकट दिली. १९५० च्या एका कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद होऊ लागली. त्याच वर्षीच्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने कुणी कुठे राहायचे आणि व्यवसाय करायचा हे वंशावर ठरू लागले. १९५३ साली बाक, बस, समुद्रकिनारे, स्वच्छतागृहे वेगळी करण्यासाठी आणखी एक कायदा आला. क्रीडांगणे आणि क्लब या जाळ्याबाहेर राहणे शक्यच नव्हते.

इथे खेळाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. मोठ्या गोल्फ स्पर्धा साधारणपणे चार दिवस चालतात. रोज अठरा होल, एकूण बहात्तर. प्रत्येक होलला सुरुवातीच्या जागेपासून सव्वाचार इंच व्यासाच्या भोकात चेंडू जाईपर्यंत किती फटके लागले ते मोजायचे. चार दिवसांची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो जिंकला. फटका देखणा होता की वेडावाकडा, याला गुण नाहीत. पायचीत द्यायला पंच नाही. चेंडू तुमच्याकडे ढकलायला सोबती लागत नाही आणि तुम्हाला गोलंदाजी द्यायची की नाही हे ठरवणारा कर्णधारही नाही. आपल्या हातून नियम मोडला तर खेळाडूने स्वतःच दंडाचा फटका आपल्या नावावर घ्यायचा, अशी या खेळाची रीत. १९२५ सालच्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू तो मारायच्या तयारीत असताना किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिले नव्हते. जोन्सने हट्टाने एक फटका स्वतःवर लावून घेतला, स्पर्धा बरोबरीत सुटली आणि निर्णायक फेरीत तो हरला.

म्हणजे गोल्फ खेळणाऱ्याला हा खेळ सर्वांत आधी एक आकडा देतो. तो कुणी बहाल केलेला नसतो आणि कुणाला काढूनही घेता येत नाही. ज्याच्या बाजूने सगळे जग बोलते त्याला या आकड्याची फारशी गरज नसते. ज्याच्या बाजूने कुणीच बोलत नाही, त्याच्यासाठी हा आकडा साक्षीदार असतो. पापवाला अक्षरओळख नव्हती. पण चार दिवसांच्या बेरजेत त्याचे नाव सर्वांत वर आले की ते वाचायला जगात पुष्कळ माणसे होती.

१९६३ साली नाताळ ओपन ही स्पर्धा डरबन कंट्री क्लबवर झाली. १९२२ साली सुरू झालेला हा क्लब समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर वसलेला आणि देशातल्या नामांकित मैदानांपैकी एक. पापवाला विशेष परवानगीने खेळू दिले गेले. परवानगी मैदानापुरती होती, क्लबहाउसची नव्हती. कपडे बदलायचे, चार घास खायचे, दोन फेऱ्यांमध्ये टेकायचे, ते सगळे बाहेर. पापवाने स्पर्धा जिंकली.

बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. गोरे खेळाडू आणि अधिकारी क्लबहाउसमध्ये होते. विजेत्याला आत घेता येत नव्हते, म्हणून त्याचा चषक त्याला बाहेर पावसात देण्यात आला. काही जण तो खिडकीतून दिला असेही सांगतात. ओल्या अंगाने चषक स्वीकारणाऱ्या पापवाचे छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आले. डरबनच्या हॉटेलांत आणि क्लबांत वाढपी म्हणून भारतीय वंशाची माणसे सर्रास असत, हे इथे लक्षात ठेवायला हवे. ट्रे घेऊन जाणाऱ्या भारतीयाला आत वाट होती. चषक जिंकलेल्याला नव्हती. गांधीजींना याच नाताळमध्ये पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर गाडीतून उतरवले गेले, त्या घटनेला तेव्हा सत्तर वर्षे होत आली होती.

हे छायाचित्र पाहताना मराठी वाचकाला आपल्याच घरातली एक गोष्ट आठवली नाही तर नवल. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पळवणकर बाळू गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करत होता आणि सरावासाठी साहेबांना चेंडू टाकत होता. चांभार जातीतला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुढे हिंदूंच्या संघाला हवाहवासा झाला. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याने हाताळलेला चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही त्याला हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळाले. पुण्यातल्या त्या चहाच्या भांड्याला कायद्याचे कलम लागले नव्हते. रूढी पुरेशी होती. डरबनकडे बोट दाखवताना ते भांडे विसरलो, तर इतिहास लिहायचा अधिकार आपल्याला उरत नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला खेळांमधला एक फरक दिसला. संघाच्या खेळात अन्याय लपवायला जागा असते. निवड समिती म्हणू शकते, की याच्यापेक्षा तो बरा होता. कर्णधार म्हणू शकतो, की आज खेळपट्टी फिरकीची नव्हती. बाळूला कर्णधार का केले नाही याची सभ्य कारणे देता येत होती आणि ती दिली गेली. गोल्फमध्ये खेळाडू पहिल्या होलपाशी उभा राहिला की त्याला मागे खेचायला कुणाच्या हाती काही उरत नाही. अन्यायाला मग दारातच उभे राहावे लागते. डरबनमध्ये तो दारात उभा राहिला, त्यात पाऊस आला आणि छायाचित्रकाराने बटण दाबले.

याचा अर्थ गोल्फ हा मोठा न्यायी खेळ आहे असे मात्र कुणी समजू नये. खेळ आणि खेळाच्या संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने १९३४ पासून १९६१ पर्यंत आपल्या घटनेतच सभासदत्व गोऱ्या वंशापुरते ठेवले होते. ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो १९७५ साली. आपल्याकडे कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. पण दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने इंडियन ओपन जिंकायला १९९१ साल उजाडले. खेळाचा आकडा कुणाला नाकारत नाही. तो आकडा काढायला जिथे जावे लागते, ती जागा नाकारते.

१९६३ च्या उन्हाळ्यात पापवा इंग्लंडमध्ये ब्रिटिश ओपन खेळला आणि बरोबरीने तेराव्या स्थानावर आला. ती स्पर्धा न्यूझीलंडच्या बॉब चार्ल्सने जिंकली, आणि एखादी मोठी अजिंक्यपद स्पर्धा जिंकणारा तो पहिला डावखुरा खेळाडू ठरला. एकाच यादीत वर डावखुरा आणि थोडे खाली उलट्या हातांचा.

१९६५ साली पापवाने नाताळ ओपन पुन्हा जिंकली. या वेळी त्याने ज्यांना मागे टाकले त्यांत गॅरी प्लेअर होता. याच वर्षी प्लेअरने अमेरिकन ओपन जिंकून चारही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या मोजक्या खेळाडूंत स्थान मिळवले. जगातल्या पहिल्या दोन-चारांत गणल्या जाणाऱ्या गोऱ्या खेळाडूला त्याच्याच देशात एका निरक्षर भारतीय कॅडीने हरवले होते. प्लेअरने १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात वर्णभेदी राजवटीची उघड पाठराखण केली. पुढे त्याने आपण चुकलो असे जाहीरपणे मान्य केले, आणि १९७१ साली ली एल्डरला दक्षिण आफ्रिकेत खेळायला बोलावले. माणसे बदलतात, तेव्हा त्याचीही नोंद ठेवावी.

सरकार मात्र बदलले नाही. मिश्र स्पर्धांवरची बंधने आवळली गेली. १९६६ च्या सुमारास पापवाला देशातल्या प्रमुख स्पर्धा बंद झाल्या. प्रेक्षक म्हणूनही मैदानात जायला मज्जाव झाला. पारपत्र काढून घेतले गेले आणि परदेशची वाटही मिटली. त्याच्याविरुद्ध कुठला आरोप नव्हता. तो कुठल्या चळवळीचा पुढारी नव्हता, भाषणे करत नव्हता. त्याला हरवायचा एकच खात्रीचा उपाय उरला होता, तो म्हणजे त्याला सुरुवातच करू न देणे. १९७८ साली, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, हृदयविकाराने तो गेला. शेवटची वर्षे गरिबीत गेली.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. या माणसाला गोल्फने काय दिले?

पापवाची गोष्ट सांगणारे बहुधा दोनपैकी एका वाटेने जातात. एक वाट शोकांतिकेची : खेळाने त्याला उंचावर नेले आणि तिथून पडायला सोडले, त्यापेक्षा तो कॅडीच राहिला असता तर बरे. दुसरी विजयगाथेची : त्याने वर्णभेदाला हरवले. मला दोन्ही पटत नाहीत. वर्णभेदाला त्याने हरवले नाही. ते राज्य त्याच्यानंतर आणखी दीड दशक टिकले. आणि कॅडी राहिला असता तर बरे, हे म्हणायला आपण कोण? तसे म्हणणे म्हणजे त्याच्या हातातली स्टिक दुसऱ्यांदा काढून घेण्यासारखे आहे.

केप टाउनचा बेसिल डी’ऑलिव्हेरा याच काळातला. वर्णाने ‘कलर्ड’ ठरवलेल्या या क्रिकेटपटूला देशात वाव नव्हता. १९६० साली तो इंग्लंडला गेला आणि पुढे इंग्लंडकडून कसोटी खेळला. १९६८ साली इंग्लंडच्या संघात त्याचे नाव आले म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्या संघाला येऊ देण्यास नकार दिला आणि दौरा रद्द झाला. त्याला दुसरा देश मिळाला, दुसरी टोपी मिळाली. पापवा परदेशातून दर वेळी डरबनला परतत राहिला आणि शेवटी तिथेच अडकला. याची किंमत त्याने मोजली, आणि ती त्याच्या घरच्यांनीही मोजली असणार. आकड्याने चूल पेटत नाही. गोल्फमुळे आयुष्याचे सोने होते असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब झाकू नये.

आणि तरीही त्या आकड्याने एक काम केले. वर्णभेदाची सगळी इमारत एका विधानावर उभी होती : हे लोक कमी प्रतीचे आहेत, म्हणून त्यांची जागा वेगळी. या विधानाशी वाद घालायला लेख होते, सभा होत्या, तुरुंगवास होते. राजवटीकडे त्या प्रत्येकाला उत्तर होते, कारण शब्दाला शब्द मिळतो. नाताळ ओपनच्या फलकावरच्या बेरजेला उत्तर नव्हते. मैदान तेच, वारा तोच, भोक तेवढेच, आणि फटके कमी. ते विधान खोटे असल्याचे पापवाने दोनदा, क्लबच्या स्वतःच्या मोजमापाने, क्लबच्या स्वतःच्या कागदावर सिद्ध करून दिले. दक्षिण आफ्रिकेला १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे दार बंद झाले, १९७० साली ऑलिंपिक चळवळीतून त्या देशाला काढून टाकण्यात आले. यामागे अनेकांचे श्रम होते. पण क्रीडा-बहिष्कार म्हणजे काय आणि तो का, हे लांबच्या सामान्य माणसाला समजवायला भिजलेल्या विजेत्याचे ते एक छायाचित्र पुरत असे.

पुढे देश बदलला. पापवाला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान मिळाला. क्रिस्टोफर निकोल्सन या न्यायाधीशाने आणि मॅक्सीन केस या लेखिकेने त्याच्यावर पुस्तके लिहिली. डरबनच्या रिझर्व्हॉयर हिल्स भागात एक सार्वजनिक गोल्फ मैदान त्याच्या नावाने आहे. ज्याला नाव लिहिता येत नव्हते त्याचे नाव मैदानाच्या पाटीवर आले. पण हे सगळे नंतरचे, इतरांनी दिलेले. खेळाने दिले होते ते त्याला त्याच दिवशी, पावसात उभे राहण्याआधीच मिळून गेले होते. शेवटच्या होलवर चेंडू भोकात पडला, तेव्हा.

शेवटी एक माझी गोष्ट, लहानशी. आमच्या मैदानावर सोमवारी सभासद येत नसत आणि कॅडींना खेळायची मुभा असे. दुसऱ्या उन्हाळ्यातल्या एका सोमवारी एका मोठ्या कॅडीने मला आपली जुनी सात नंबरची आयर्न दिली. तेवढ्या एका स्टिकवर मी नऊ होल खेळलो. ग्रीनवरही तिनेच ढकलले. माझ्या फटक्यांची संख्या एकसष्ट झाली. तो पोरगा मोजत होता आणि एकदा त्याने माझ्या बाजूने चूक केली. बासष्टावा मीच त्याला सांगितला. खेळ म्हणून हा आकडा सांगण्यासारखा मुळीच नाही. त्यानंतर शाळेत गुण मिळाले, नोकरीत शेरे मिळाले, पगारवाढी मिळाल्या आणि हुकल्याही. त्यातल्या प्रत्येकात कुणाची ना कुणाची मर्जी मिसळलेली होती. आज पंचावन्नाव्या वर्षी त्यातले फारसे काही आठवत नाही.

बासष्ट आठवतात.